पन्नास पेट्यांचा हिशोब

‘ड्रॅक्युला’ वाचायला बसताना शेजारी एक शंभरपानी वही आणि पेन्सिल असू द्यावी. वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखायचे: तारीख, कोण लिहितंय, कशावर लिहितंय. शेवटचं पान मोकळं ठेवायचं आणि त्याच्या डोक्यावर एकच आकडा लिहायचा, ५०. एवढी तयारी केली की ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी भयकथांच्या कपाटातून उठते आणि तपासकथांच्या कपाटात जाऊन बसते. माझ्या मते तिची खरी जागा तीच.

गुन्हेगार कोण, हे मुखपृष्ठावरच छापलेलं आहे. मग रहस्य कसलं? तो आत्ता कुठे आहे आणि लपायला त्याच्याकडे अजून किती जागा शिल्लक आहेत, याचं. काउंट ड्रॅक्युलाला विसाव्यासाठी स्वतःच्या भूमीतली माती लागते. ती त्याने पन्नास लाकडी पेट्यांत भरून इंग्लंडला आणली. त्यातली एकेक पेटी शोधून निकामी करायची, हेच कादंबरीच्या उत्तरार्धातलं काम. इथून पुढे कथानकातलं बरंच काही उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना कोरं वाचायचं असेल त्यांनी आधी पुस्तक उघडावं. लेखकाच्या मृत्यूला शंभराहून जास्त वर्षं झाल्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर इंटरनेटवर मोफत आणि कायदेशीर मिळतो. फक्त संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. संक्षेप करणारे सर्वांत आधी कात्री लावतात ती मालवाहतुकीच्या पत्रांना, आणि सगळा पुरावा नेमका तिथेच असतो.

कादंबरी २६ मे १८९७ रोजी लंडनमध्ये आली. पिवळी कापडी बांधणी, लाल अक्षरं, किंमत सहा शिलिंग. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्या चार वर्षं आधी, १८९३ साली सुरू झालं होतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली त्याला तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती. तार, टपाल, रेल्वेचं वेळापत्रक, वर्तमानपत्र, लघुलिपी, टाइपरायटर ही त्या पिढीची हत्यारं, आणि काउंटच्या मागे लागलेली माणसं तीच हत्यारं घेऊन उतरतात. आपल्याकडे नारायण धारपांच्या कथांतले समर्थ स्वतःच्या साधनेच्या बळावर अभद्राला सामोरे जातात. इथे काउंटचा माग काढणाऱ्यांचा म्होरक्या असलेल्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगकडे विद्या आहे, श्रद्धा आहे, पण साथीदारांनी जमवलेल्या कागदांशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नाही.

सत्तावीस प्रकरणं, आणि एकही निवेदक नाही. सगळा मजकूर रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, जहाजाची नोंदवही आणि मेणाच्या नळकांड्यांवर बोललेल्या नोंदी यांतून जुळवलेला. पहिली नोंद ३ मेची, काउंटच्या किल्ल्यावर कामासाठी निघालेल्या तरुण वकिलाची, जोनाथन हार्करची, लघुलिपीतली. १ मेच्या रात्री ८:३५ ला म्युनिक सोडलं, व्हिएन्नाला सकाळी ६:४६ ला पोचायला हवं होतं, गाडी तासभर उशिरा. ठाणे स्टेशनवर इंडिकेटरकडे डोळे लावून उभ्या असलेल्या माणसाला ही सुरुवात समजावून सांगावी लागत नाही. मग जेवणाच्या नोंदी येतात. लाल मिरचीची भुकटी घालून केलेली कोंबडी खाल्ली, फार तहान लागली, वाग्दत्त वधू मीनासाठी कृती मिळवायची. न्याहारीला मक्याच्या पिठाची दाट उकड आणि खिमा भरलेलं वांगं. घाईचा वाचक हे सगळं ओलांडून किल्ल्याकडे पळतो. तसं करू नये. हा माणूस बारीकसारीक टिपून ठेवणारा आहे, हे लेखक इथे दाखवून देतो. पुढे याच सवयीवर चार-पाच जणांचे प्राण टांगलेले असतात.

त्या सवयीची पहिली कसोटी १९ मेला लागते. काउंट हार्करला तीन पत्रं आगाऊ लिहून ठेवायला सांगतो. पहिल्यात लिहायचं की काम संपत आलंय, थोड्या दिवसांत निघतो. दुसऱ्यात, उद्या सकाळी निघतो. तिसऱ्यात, किल्ला सोडला, बिस्ट्रिट्झला पोचलो. तारखा काय घालायच्या? १२ जून, १९ जून आणि २९ जून. आपल्याला किती दिवस जगू देणार आहेत ते आता कळलं, असं हार्कर लिहितो. सबंध कादंबरीत याच्याइतकी थंड जागा दुसरी नाही. रक्ताचा थेंब नाही, सुळे नाहीत, तीन कागदांवरच्या तीन तारखा फक्त. वहीत या तारखा वेगळ्या शाईने लिहाव्यात. हार्करची शेवटची नोंद ३० जूनची आहे, आणि तिच्यानंतर पुस्तक त्याला सोडून थेट मागे, ९ मेला, मीनाच्या पत्रांकडे जातं.

इथे वाचकापुढे दोन वाटा फुटतात. छापलेल्या क्रमाने वाचायचं, की तारखेप्रमाणे, त्या त्या दिवशीची नोंद त्या त्या दिवशी?

पहिल्यांदा वाचताना छापलेलाच क्रम ठेवावा. हार्कर जगला की मेला हे टांगून ठेवूनच स्टोकर पुढची सगळी उत्कंठा उभी करतो. १२ ऑगस्टला बुडापेस्टच्या रुग्णालयातून एका जोगिणीचं, सिस्टर अगाथाचं, पत्र निघतं. हार्कर तिथे जवळजवळ सहा आठवडे तापात पडून आहे. हे पत्र हाती पडेपर्यंत वाचकाला काहीच ठाऊक नसतं, आणि तसंच असायला हवं.

दुसऱ्या वाचनाला मात्र तारखेचा क्रम घ्यावा, कारण तेव्हा काही नोंदी शेजारी शेजारी येतात आणि अंगावर काटा येतो. २४ मेला मीनाची मैत्रीण लूसी आनंदाने पत्र लिहिते की एकाच दिवशी तीन जणांनी मागणी घातली. तिकडे हार्करने आपली तीन पत्रं लिहून दिल्याला पाचच दिवस झालेले असतात. ठाण्यात या वाचनाला ऋतूही साथ देतो. मेच्या उकाड्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर वाऱ्याची वाट बघत किल्ल्याची पानं वाचायची. जुलैच्या संततधारेत काउंटच्या पेट्या इंग्लंडला आणणाऱ्या डिमीटर जहाजाच्या कप्तानाची नोंदवही. ती छापील पुस्तकात ऑगस्टच्या कात्रणात एकगठ्ठा येते आणि दहा मिनिटांत संपते. तारखेप्रमाणे वाचली तर महिनाभर पुरते. ६ जुलैला माल चढवून झाला, रुपेरी वाळू आणि मातीच्या पेट्या. जहाजावर पाच खलाशी, दोन मेट, एक आचारी आणि कप्तान, एकूण नऊ. १६ जुलैला पहिला माणूस नाहीसा होतो. ३० जुलैला कप्तान धरून चौघेच उरतात. मधले कोरे दिवस आपल्याही वाट्याला येतात, बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि पुढची नोंद आज आहे की उद्या हे बघायला हात आपोआप पुस्तकाकडे जातो.

पुस्तक फोडून तारीखवार लावताना एक चूक बरेच जण करतात. कात्रणावरची तारीख ही छापल्याची असते, घडल्याची नव्हे. डिमीटर वादळात जिथे किनाऱ्याला लागतं त्या व्हिटबीचं कात्रण ८ ऑगस्टचं आहे, पण त्याबरोबरच्या जहाजाच्या नोंदी महिनाभर आधीपासूनच्या. वहीत म्हणूनच दोन तारखा हव्यात, घडल्याची आणि कळल्याची. कुठली गोष्ट कुणाला किती उशिरा कळली हे त्या दोन तारखांच्या फरकातून दिसतं, आणि या कादंबरीत माणसं मरतात ती बहुधा त्या उशिरापायीच.

एक तार याची साक्ष आहे. १७ सप्टेंबरला व्हॅन हेल्सिंग अँटवर्पहून आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, डॉक्टर सीवर्डला, तार करतो की आज रात्री लूसीच्या घरी थांबायला चुकू नकोस. पत्त्यात ‘कारफॅक्स’ आहे, पण परगण्याचं नाव नाही. तार दुसऱ्याच परगण्यातल्या कारफॅक्सला जाते आणि बावीस तास उशिरा पोचते. नुसतं ‘वाशी’ लिहिलेलं पाकीट नवी मुंबईऐवजी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला जावं, तसं. त्याच रात्री लूसीच्या घराची खिडकी फुटते, तिच्या आईचा प्राण जातो, आणि लूसीही त्यातून पुन्हा उठत नाही. तारेवर कंसातली एवढीशी टीप आहे. कुणी तिच्यावर भाष्य करत नाही. वाचकाने ती पाहिली तर पाहिली.

आता पेट्यांकडे. आठव्या प्रकरणात, लूसीच्या झोपेत चालण्याच्या गोंधळात, अगदीच रुक्ष वाटणारी दोन व्यापारी पत्रं येतात. व्हिटबीचा वकील लंडनच्या वाहतूक कंपनीला १७ ऑगस्टला लिहितो: पन्नास पेट्या रेल्वेने पाठवत आहोत, गाडी आज रात्री ९:३० ची, उद्या दुपारी ४:३० ला किंग्ज क्रॉसला. सोबत दहा पौंडांचा धनादेश. २१ ऑगस्टला उत्तर येतं, की माल पर्फ्लीटच्या घरात, म्हणजे काउंटने घेतलेल्या कारफॅक्समध्ये, उतरवला आणि जादा आलेले एक पौंड सतरा शिलिंग नऊ पेन्स परत करत आहोत. एरवी कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या गल्ल्यावर दिसणारी बिल्टी ती हीच. वाचक पान उलटतो. दहा प्रकरणांनंतर ध्यानात येतं की राक्षसाच्या बिछान्यांची पोच आपल्या हातात केव्हाच दिलेली होती. तपासकथेत पुरावा वाचकासमोर ठेवूनही त्याच्या नजरेतून निसटावा, ही कसरत स्टोकरला इथे बिनचूक साधली आहे.

१ ऑक्टोबरच्या पहाटे मंडळी कारफॅक्सच्या पडक्या घरात शिरतात आणि मोजतात. पन्नासांतल्या एकोणतीसच पेट्या आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर पहिली वजाबाकी होते: ५० वजा २९, म्हणजे २१ बाहेर.

पुढचे दोन दिवस हार्कर गाडीवानांच्या मागे फिरतो, आणि माझ्या लेखी हा कादंबरीतला सर्वांत सरस तुकडा. स्मॉलेट नावाचा गाडीवान पँटच्या मागून कुठून तरी कोपरे दुमडलेली, जाड पेन्सिलीने भरलेली वही काढतो. तिच्यात लिहिलेलं असतं: सहा पेट्या माइल एंडला, सहा बर्मंडसीला. उरलेल्या नऊ कुणी नेल्या हे त्याला माहीत नाही, पण तो एका माणसाचं नाव देतो. मग त्याची चिठ्ठी येते. पत्ता इतका अशुद्ध लिहिलेला, की तो उच्चारून बघितल्याखेरीज गल्ली सापडत नाही. या गल्लीतून मिळतो ब्लॉक्सम. नऊ पेट्या त्याने दोन खेपांत पिकॅडिलीच्या एका घरी नेल्या. पेट्यांवरच्या धुळीने घसा कोरडा पडायचा, हे प्रत्येक गाडीवान आवर्जून सांगतो आणि हार्कर प्रत्येकाच्या घशाची सोय करतो. ब्लॉक्समला आठवतं की पेट्या उचलायला एक म्हातारा आला होता. पांढऱ्या मिशांचा, इतका हडकुळा की त्याची सावलीसुद्धा पडणार नाही असं वाटावं. तरी त्याने पेटीची आपली बाजू चहाचा पुडा उचलावा तशी उचलली, आणि इकडे ब्लॉक्समला धाप लागलेली.

त्या सावलीच्या वाक्यावर थांबावं. ब्लॉक्समने ते बोलण्याच्या ओघात म्हटलं आहे, एखादा माणूस काठीसारखा आहे म्हणावं तसं. पण दोनच दिवसांपूर्वी व्हॅन हेल्सिंगने सर्वांना बसवून सांगितलेलं असतं की या प्राण्याची सावली पडत नाही, आरशात प्रतिबिंब उमटत नाही. गाडीवानाने पुरावा पाहिला, शब्दांत मांडलाही, आणि आपण काय बोललो ते त्याला कधीच कळलं नाही. हार्करही ते जसंच्या तसं उतरवून पुढे जातो.

मुंबईच्या नकाशावर मांडून पाहिलं की काउंटची चाल लगेच उमगते. ठाण्याला खाडीकाठी एक जुना वाडा, त्यात २९ पेट्या. सहा शिवडीला, सहा माझगावला, नऊ थेट फोर्टात. शहराबाहेर तळ ठोकून तो आत आत सरकतोय. हार्करच्याही मनात तेच येतं की हा पद्धतशीर माणूस आहे, उत्तर आणि पश्चिम या दिशा तो मोकळ्या सोडणार नाही. ३ ऑक्टोबरला कारफॅक्समधल्या एकोणतीस पेट्यांत ख्रिस्तप्रसाद ठेवून त्या निकामी केल्या जातात. माइल एंड आणि बर्मंडसीच्या बारांचीही तीच वाट. पिकॅडिलीचं घर कसं उघडायचं? रात्री खिडकी फोडली तर शिपाई धरेल. म्हणून लॉर्ड गोडाल्मिंग भर दिवसा कुलपं उघडणाऱ्या कारागिराला बोलावतो, घरमालकाच्या रुबाबात दार उघडून घेतो आणि पैसे देऊन वाटेला लावतो. कुणीच हटकत नाही. आत पेट्या मोजतात, तर नऊ नाहीत, आठ. वहीत बेरीज करा: २९, ६, ६ आणि ८. एकोणपन्नास.

हा सगळा तपास एका बाईच्या बैठकीमुळे शक्य होतो. मीना शाळेत शिकवते, तिला लघुलिपी येते, टाइपरायटर येतो, आणि गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ आहेत. डॉक्टर सीवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. महिनोन्‌महिने बोलला, पण एखादा ठरावीक भाग पुन्हा ऐकायचा झाला तर शोधायचा कसा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मोबाइलमध्ये शेकडो व्हॉइस नोट साठवलेल्या कुणालाही ही अडचण पटेल. मीना नळकांडी ऐकून सगळं टाइप करते, मध्ये कार्बन घालून एका वेळी तीन प्रती, आणि तारखेने लावते. ३ ऑक्टोबरच्या पहाटेपूर्वी काउंट सीवर्डच्या खोलीत शिरून हस्तलिखित जाळतो, नळकांडीही आगीत टाकतो. पण एक प्रत तिजोरीत होती. त्या प्रतीखेरीज पुढचा पाठलाग झालाच नसता.

कागद तारखेने लागल्यावर आणखी एक गोष्ट वर येते. सीवर्डचं मनोरुग्णालय कारफॅक्सला लागूनच आहे. तिथला रुग्ण रेनफिल्ड माश्या जमवतो, माश्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना, आणि शेवटी मांजराचं पिल्लू मागतो. तो कधी खवळतो, कधी एकाएकी शांत होतो, याची वेळ सीवर्डने इमानाने लिहून ठेवलेली असते, पण अर्थ लागत नाही. टाइप केलेली पानं शेजारी शेजारी आल्यावर दिसतं की हा रुग्ण म्हणजे काउंटच्या येण्याजाण्याचा मापक होता. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, या कादंबरीहून चार वर्षांनी धाकटं. ‘ठाण्याला पाठवा’ हे थट्टेचं वाक्य मराठीत इतकं रुळलंय की त्या भिंतीआडच्या माणसाचं बोलणं कुणी साक्ष म्हणून ऐकत असेल, असं आपल्याला वाटतच नाही. रेनफिल्ड सभ्यपणे, शुद्ध भाषेत, कळवळून सांगतो की मला आज रात्रीच इथून हलवा. ऐकणारे पाच शहाणे पुरुष असतात. कुणीही हलवत नाही. पुढे काय होतं ते वाचावंच.

लूसीला रक्त देण्याचा भाग आज वाचताना डॉक्टर वाचक हटकून थबकतात. ७ ते १८ सप्टेंबरच्या दरम्यान चार पुरुषांचं रक्त तिला चढवलं जातं: तिला मागणी घातलेले तिघे, आर्थर (हाच पुढचा लॉर्ड गोडाल्मिंग), सीवर्ड आणि क्विन्सी, शिवाय व्हॅन हेल्सिंग. रक्तगट जुळवण्याचा प्रश्नच नाही, कारण कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने रक्तगट दाखवून दिले ते कादंबरीनंतर, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. प्रत्यक्षात चारांतलं एखादं रक्त तरी तिला बाधण्याची भीती मोठी होती. स्टोकरची ही चूक म्हणता येत नाही. त्याच्या काळी कुणालाच ते माहीत नव्हतं.

आता पडद्याकडे. टीव्हीची मूळ अडचण एका वाक्यात सांगता येते: चौथ्या प्रकरणानंतर काउंट पुस्तकातून जवळजवळ गायब असतो. तो दिसतो धुक्यात, खिडकीबाहेर, गाडीवानाच्या आठवणीत, २२ सप्टेंबरला पिकॅडिलीत भर दिवसा उभा. हो, भर दिवसा. उन्हाने व्हँपायर भस्म होतो ही कल्पना १९२२ च्या एका जर्मन मूकपटातून रूढ झाली. कादंबरीत दिवसा त्याची शक्ती ओसरते, एवढंच. नामवंत नट घेतल्यावर त्याला तासन्‌तास अदृश्य ठेवणं कुठल्याही वाहिनीला परवडत नाही. आणि नट सतत समोर आला की ‘तो कुठे आहे’ हा प्रश्नच उरत नाही.

बीबीसीने २२ डिसेंबर १९७७ रोजी दाखवलेला अडीच तासांचा ‘काउंट ड्रॅक्युला’ पुस्तकाशी खूपच इमानी आहे. फिलिप सॅव्हिलचं दिग्दर्शन, लुई जूर्दां काउंट, फ्रँक फिनले व्हॅन हेल्सिंग. जूर्दां आवाज चढवत नाही, डोळे वटारत नाही. सौजन्याने बोलतो, आणि त्याच्या सौजन्याचीच धास्ती वाटते. व्हिटबीची दृश्यं व्हिटबीतच चित्रित झालेली. पण वेळ वाचवायला इथे मीना आणि लूसी बहिणी केल्यात, आणि आर्थर व क्विन्सी या दोघांचा मिळून एकच माणूस बनवलाय. पहिला बदल खपून जातो. दुसऱ्याने नुकसान होतं. चार रक्तदात्यांचं गणित मोडतं, आणि ज्या मुलीवर तिघांनी प्रेम केलं त्या तिघांनीच पुढे तिच्यासाठी काय करायचं, ही तीव्रता पातळ होते.

हा कार्यक्रम बघताना टीव्हीची दोन बटणं तपासावीत. चित्र ४:३ मापाचं आहे. टीव्हीने ते ताणून पडदाभर केलं की चेहरे आडवे पसरतात आणि जूर्दांचा सगळा डौल जातो, म्हणून ताणण्याची सोय बंद करावी. घरातली दृश्यं व्हिडिओवर आणि बाहेरची फिल्मवर घेतलेली असल्याने दोन्हींचा पोत वेगळा दिसतो. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग चालू असेल तर हा फरक डोळ्यांना खुपतो. मधूनच चित्र निगेटिव्ह होतं, रंग फुटतात. तो बिघाड नाही, तसंच केलेलं आहे.

२०२० ची मालिका अगदी वेगळ्या वाटेने जाते. स्टीव्हन मॉफॅट आणि मार्क गॅटिस यांनी लिहिलेले दीड-दीड तासाचे तीन भाग, बीबीसीवर १ ते ३ जानेवारीला, त्यानंतर नेटफ्लिक्सवर. क्लेस बँग काउंट. पुस्तकात पत्रापुरती आलेली सिस्टर अगाथा आठवते? तिला या लेखकांनी उचललं आणि व्हॅन हेल्सिंग तीच केली. डॉली वेल्सने ही भूमिका फार ताकदीने निभावली आहे. पहिल्या भागात हार्करची रोजनिशी वाचली जात नाही, तर अगाथा त्याला समोर बसवून उलटतपासणी घेते. तू काय पाहिलंस, आणि सांगताना काय गाळलंस? कागदाचा पडद्यावर असा चोख अनुवाद मी दुसरीकडे पाहिलेला नाही. रोजनिशीतली मोकळी जागा इथे प्रश्न होऊन समोर येते.

दुसरा भाग अख्खा डिमीटरवर घडतो. पुस्तकात त्या जहाजावर नऊ माणसं आणि माल. मालिकेने प्रवासी चढवले, त्यात एक भारतीय डॉक्टर आणि त्याची मुलगी, आणि नऊ नंबरची एक बंद खोली. माणसं एकेक करून नाहीशी होतात, उरलेले एकमेकांवर संशय घेतात, आणि खरा खुनी त्यांच्याच पंगतीला बसून तपासाला मदत करतोय. प्रेक्षकाला गुन्हेगार माहीत आहे, जहाजावरच्यांना नाही. रहस्य मग त्या नऊ नंबरच्या दाराकडे वळतं. स्टोकरनेही हेच केलं होतं: ‘कोण’ आधीच सांगून टाकायचं आणि वाचकाला दुसऱ्याच प्रश्नाला लावायचं. म्हणून कथानक इतकं बदलूनही हा भाग मला मूळ पुस्तकाचा सख्खा वाटतो. बघण्याआधी कप्तानाची नोंदवही वाचलेली असावी, आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद असावी. जहाजाच्या पोटातली दृश्यं इतकी काळोखी आहेत की ट्यूबचं प्रतिबिंब पडलं तर निम्मं निसटतं.

तिसरा भाग १२३ वर्षं उडी मारून आजच्या लंडनमध्ये येतो. तिथे पेट्या संपतात, तारखा संपतात, आणि माझी गोडीही कमी होते. ज्यांना काउंटच्या मनात काय चालतं ते हवं असेल त्यांना तो भाग आवडेल. तो कुठे लपलाय हे शोधायची ओढ असणाऱ्यांनी त्या वेळात पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं पुन्हा वाचावीत.

कारण पन्नासावी पेटी तिथे आहे. ती जहाजाने परत निघते. मंडळी १२ ऑक्टोबरला लंडन सोडून १५ ला काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदराला पोचतात, आणि तिथे वाट बघत बसतात. काउंटने आपलं रक्त पाजल्यामुळे मीनाचं मन त्याच्याशी जोडलं गेलेलं असतं, म्हणून तिला सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळी संमोहित केलं की तिला पाण्याचे आवाज ऐकू येतात, त्यावरून तो अजून जहाजातच आहे हे कळतं. पण जहाज वार्ना चुकवून गलाट्झला लागतं. २८ ऑक्टोबरच्या तारेने सगळे सुन्न होतात. गलाट्झला पोचल्यावर माग पुन्हा हरवतो, तेव्हा ३० ऑक्टोबरला मीना नकाशा उघडते, नद्या एकेक करून पडताळते आणि लिहून काढते की सेरेथमधून वर, मग बिस्ट्रिट्झा. तिचं ते टिपण पुस्तकात जसंच्या तसं आहे, प्रत्येक पर्याय का घेतला आणि का सोडला यासकट. वाचकानेही नकाशा उघडून ते तिच्याबरोबर करावं.

शेवट ६ नोव्हेंबरचा, सूर्य बुडता बुडता, बर्फात, गाड्यावरच्या पेटीपाशी. पडद्यावर दिसतो तसा लाकडी खुंटा इथे नाही. हार्करची कुकरी गळ्यावरून फिरते आणि त्याच क्षणी क्विन्सीचा सुरा छातीत उतरतो. तारखेप्रमाणे वाचणाऱ्याच्या हाती त्या दिवशी हीच पानं असतात. ठाण्यात नोव्हेंबरातली संध्याकाळ लवकर उतरते आणि सूर्य येऊरच्या डोंगरामागे जातो. सहाच्या सुमारास खिडकीशी बसावं, उजेड आहे तोवर ते दीड पान वाचून काढावं, आणि वहीच्या शेवटच्या पानावर एकोणपन्नासाखाली एक लिहावा.